संशोधनाचा पैसा : बडोद्याच्या करारापासून लातूरच्या तासिकेपर्यंत

लातूरच्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवणारी माझी एक मैत्रीण आहे. नेट झालेली, पीएच.डी. झालेली, आणि बारा वर्षं तासिका तत्त्वावर. गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला, "दादा, संशोधन प्रकल्पांसाठी अर्ज मागवलेत. मी प्रस्ताव लिहिलाय, तुम्ही एकदा नजर टाका ना." विषय तिने फार चांगला निवडला होता. भूकंपानंतर तीस वर्षांनी पुनर्वसित गावांतल्या बौद्ध आणि मातंग वस्त्यांचं काय झालं, हा. आम्ही चार रात्री त्यावर बसलो. प्रश्नावली, गावांची यादी, प्रवासखर्च, सगळं बसवलं. शेवटी अर्ज भरायला घेतला तेव्हा पात्रतेची ओळ नीट वाचली. मुख्य संशोधक नियमित पदावर असला पाहिजे. ही ओळ आधी वाचायची असते हे मला समाजशास्त्रात एम.ए. करूनही कळलं नव्हतं, ही माझी चूक. ती मात्र फोनवर हसली आणि म्हणाली, "असू द्या दादा, सवय आहे."

त्या 'सवय आहे'मुळे हा लेख लिहितोय. आपली चळवळ विद्यार्थ्यांच्या फेलोशिपसाठी रस्त्यावर येते आणि यायलाच हवं. पण प्राध्यापकांना मिळणारं संशोधनाचं अनुदान हा आपण आजवर त्यांच्या बढतीचा खाजगी मामला समजत आलो. कुठल्या विषयावर अभ्यास होणार, कुणाच्या गावावर अहवाल निघणार आणि त्यावर नाव कुणाचं लागणार, हे त्याच अनुदानातून ठरतं. ते आपल्यापर्यंत कसं आलं आणि कुठे अडलं, याचा इतिहास आपण वाचत नाही.

सुरुवात बाबासाहेबांपासूनच करावी लागेल. सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना अमेरिकेला पाठवलं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्या मदतीचा कागद कसा होता, यावर मात्र आपण बोलत नाही. जून १९१३ मध्ये बडोदा संस्थानाशी करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. कोलंबिया विद्यापीठातलं शिक्षण या पैशावर झालं. पुढे लंडनला प्रवेश घेतला, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा सोडून परतावं लागलं. कराराप्रमाणे बडोद्यात नोकरीला गेले तर राहायला जागा मिळेना, कचेरीत शिपाई लांबून फायली टाकत. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढल्यानंतरचा तो दिवस आपण सगळे जाणतो. नोकरी करणं अशक्य करून ठेवलं ते बडोद्यातल्या जातीने. पण दहा वर्षांची अट पाळली नाही म्हणून पैसे परत मागणारी पत्रं आली ती बाबासाहेबांच्या नावाने.

लंडनचा अभ्यास पुरा झाला तो कसा? सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० प्राध्यापकी करून पगारातून वाचवलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं कर्ज. १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध पुस्तकरूपाने आला, डी.एस्सी. मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरच्या त्या संशोधनामागे एक नियमित पगाराचं प्राध्यापकपद होतं, हे इथे लक्षात घ्या. सिडनहॅमची ती नोकरी तासावर असती तर?

बडोद्याच्या मदतीबद्दल बाबासाहेब कायम कृतज्ञ राहिले, प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा आपला ग्रंथ त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला. पण राजाच्या मेहेरबानीवर समाजाचं शिक्षण चालणार नाही हे त्यांना पुरतं समजलं होतं. म्हणूनच १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाल्यावर तीनचार महिन्यांतच, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांच्यापुढे अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन ठेवलं. त्यातला शिक्षणाचा भाग प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा असा आहे. त्यात विनवणी नाही, हिशेब आहे. सरकार बनारस हिंदू विद्यापीठाला आणि अलिगढ मुस्लिम विद्यापीठाला दरवर्षी तीन तीन लाख रुपये देतं. मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी तेवढीच रक्कम का नाही? आणि ही रक्कम त्यांना विज्ञान, तंत्रज्ञान आणि परदेशातल्या शिक्षणासाठी हवी होती. प्राथमिक शाळा इतरही काढतील, पण मोक्याच्या जागी बसणारी माणसं तयार करायला कुणी पैसा देणार नाही, हा त्यांचा अंदाज होता. सरकारने तीन लाखांची तरतूद मान्य केली आणि १९४४ पासून केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपली मुलं 'पोस्ट मॅट्रिक'चा फॉर्म भरतात, त्या फॉर्मचं मूळ तिथे आहे.

आपला नांदेड-लातूरचा भाग तेव्हा ब्रिटिशांच्या राज्यात नव्हता, निजामाच्या राज्यात होता. इथे उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद, आणि तेही उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून. निजाम सरकारने शेवटच्या काळात अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी एक कोटीचा न्यास निधी उभा केला होता. बी. एस. व्यंकटराव यांच्यासारख्या हैदराबादी दलित पुढाऱ्यांचा त्यामागे रेटा होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य गेलं, निधी राहिला. त्यातूनच पीपल्स एज्युकेशन सोसायटीला औरंगाबादच्या महाविद्यालयासाठी कर्ज मिळालं आणि १९५० मध्ये ते महाविद्यालय सुरू झालं, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. अनुदान नव्हतं हो, कर्ज होतं. आपल्याच नावाने ठेवलेला पैसा आपल्याला कर्जाऊ मिळाला. तरी नांदेड, परभणी, उस्मानाबादच्या खेड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन निघालेली पोरं तिथे शिकली आणि त्यातलीच काही पुढे प्राध्यापक झाली. मराठवाड्यातली आपली प्राध्यापकांची पहिली पिढी म्हणजे मुख्यतः मिलिंदची पिढी.

१९५० मध्येच नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं, लातूरला दयानंद, शाहू ही महाविद्यालयं पुढे आली. हा भाग भराभर सांगतोय, कारण मला नामांतराकडे यायचंय. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे, सुगावचे जनार्दन मवाडे ही नावं नांदेड जिल्ह्यातलीच. वस्त्या जळत असताना आणि नंतर गावोगाव फिरून माहिती कुणी गोळा केली? अत्याचार विरोधी समितीच्या कार्यकर्त्यांनी. त्यांचा अहवाल १९७९ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आला आणि आजही मराठवाड्यातल्या जातीय हिंसेवर लिहिणाऱ्याला तिथे जावंच लागतं. ज्या विद्यापीठाच्या नावावरून हे सगळं घडलं, त्याच्या अनुदानातून नव्हे, वर्गणीतून आणि एसटीच्या तिकिटातून तो अभ्यास झाला. आपल्या माणसांना संशोधन येत नाही असं म्हणणाऱ्याला मी हा अहवाल दाखवतो.

२५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. आणि त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, विद्यापीठाचं विभाजन होऊन नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि पुढे हिंगोली हे जिल्हे तिकडे गेले. आपल्यातले अनेक जण विभाजन ही नामविस्ताराच्या तडजोडीचीच दुसरी बाजू मानतात. माझं मत थोडं वेगळं आहे. नांदेडला विद्यापीठ हवंच होतं, किनवटच्या किंवा अहमदपूरच्या मुलीने औरंगाबादला का जावं? पण नवं विद्यापीठ म्हणजे अनुदानाच्या रांगेत पुन्हा शेवटून उभं राहणं, हा मुद्दा तेव्हा कुणाच्या भाषणात फारसा नव्हता.

ही रांग कशी चालते ते समजून घेऊ. विद्यापीठ अनुदान आयोग १९५३ साली सुरू झाला आणि १९५६ च्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले. १९७२ च्या दुरुस्तीने असं ठरलं की त्यानंतर स्थापन झालेल्या विद्यापीठाला आयोगाने पात्र ठरवल्याशिवाय केंद्राचा पैसा मिळणार नाही. प्राध्यापक मंडळी 'ट्वेल्व्ह बी' म्हणतात ते हेच कलम. महाविद्यालयालाही ते लागतं. ते मिळालं की इमारत, ग्रंथालय, प्रकल्प यांची दारं उघडतात, नाही मिळालं तर आत कितीही हुशार प्राध्यापक असो, तो बाहेरच. विनाअनुदानित महाविद्यालयांचं जे पीक आपल्याकडे आलं, त्यातल्या कितीतरी ठिकाणी आपली मुलं शिकतात आणि आपलेच लोक शिकवतात. म्हणजे दार बंद असलेल्या घरांतच आपण जास्त.

ज्यांना दार उघडं होतं त्यांच्यासाठी 'मायनर' आणि 'मेजर' असे दोन प्रकार होते. मायनर प्रोजेक्ट म्हणजे महाविद्यालयीन प्राध्यापकाचा छोटा प्रकल्प. आपल्याकडचे प्रस्ताव आयोगाच्या पुण्याच्या विभागीय कार्यालयात जात. विज्ञानाला रक्कम जास्त, सामाजिक शास्त्रांना कमी. पहिला हप्ता यायचा, खर्च करायचा, उपयोगिता प्रमाणपत्र पाठवायचं, मग उरलेला हप्ता. २०१० च्या नियमावलीत बढतीसाठी गुण आले आणि प्रकल्पांनाही गुण मिळू लागले. मग काय, प्रस्तावांचा पाऊस. त्यात कट-पेस्टही भरपूर झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच मायनरमधून उमरी, मुखेड, निलंग्याच्या प्राध्यापकाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तालुक्याचा अभ्यास करायला पैसा मिळाला होता. बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर, म्हणजे २०१७ च्या आसपास, ही वाट बंद झाली. कट-पेस्ट करणाऱ्याचं त्यात काहीच बिघडलं नाही, त्याची बढती आधीच झाली होती.

नंतर काय आलं? ५ सप्टेंबर २०२२ रोजी, शिक्षक दिनी, आयोगाने नव्या योजना जाहीर केल्या. सेवेत असलेल्या प्राध्यापकांसाठी दहा लाखांचं अनुदान, देशभरात जागा २००. अटी पाहा. वय पन्नासपर्यंत, पाच पूर्णवेळ विद्यार्थ्यांना पीएच.डी.साठी मार्गदर्शन केलेलं, आणि बाहेरच्या निधीतून दोन संशोधन प्रकल्प पूर्ण केलेले. ज्याला आधी दोनदा प्रकल्प मिळालाय त्यालाच तिसरा! नव्याने लागलेल्यांसाठी दुसरी योजना, जागा १३२, पण नियुक्ती नियमित हवी. देशातल्या एक हजाराहून जास्त विद्यापीठांत या १३२ जागा वाटून बघा. विज्ञानाच्या बाजूला २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं. पाच वर्षांत पन्नास हजार कोटींचा आकडा सांगितला गेला, त्यातला मोठा वाटा खाजगी क्षेत्राकडून येईल अशी अपेक्षा. सामाजिक शास्त्रांना त्यात जागा आहे ती विज्ञान-तंत्रज्ञानाशी जिथे सांधा जुळतो तेवढीच. जातीचा अभ्यास कुठल्या सांध्यात बसवायचा? आणि कुठली कंपनी गायरान जमिनीच्या संशोधनाला पैसे देणार आहे?

अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी काही वेगळ्या योजना आहेत, नाही असं नाही. विज्ञानात आहेत, भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडेही आहेत. आपले जे मोजके प्राध्यापक नियमित पदावर आहेत त्यांनी तिथे अर्ज केलेच पाहिजेत. यातले किती जण करतात, हे आपल्या प्राध्यापक संघटनांनी एकदा बैठकीत विचारावं. जयंतीच्या वर्गणीची पावती फाडताना विचारलं तरी चालेल.

पण मूळ गोष्ट पदाची आहे. अनुदान पदाला चिकटलेलं आहे आणि पदभरती वर्षानुवर्षं रखडलेली. जागा रिकाम्या ठेवायच्या, तास मात्र घ्यायचे, म्हणून तासिका तत्त्व. तासाला पैसे, सुट्टीचे पैसे नाहीत, दिवाळीत आणि मे महिन्यात शून्य. अनुसूचित जातींचं १३ टक्के आरक्षण बिंदुनामावलीत आहे, पण ते भरलेल्या जागांना लागतं. जागाच भरली नाही तर आरक्षण मोडलं असं कुणाला म्हणताही येत नाही. आपल्या पहिल्या पिढीला मिलिंदमधून बाहेर पडल्यावर नोकरी मिळाली आणि त्यांनी ग्रंथ लिहिले. आमची पिढी त्यांच्यापेक्षा जास्त पदव्या घेऊन सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात तास घेत फिरते.

आता विद्यार्थ्यांकडे या. २००५-०६ पासून केंद्राची राजीव गांधी राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली आणि नेट नसलेल्या आपल्या मुलांनाही पूर्णवेळ पीएच.डी. करणं पहिल्यांदा परवडलं. आज ती फेलोशिप नेटच्या गुणांवर दिली जाते. केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्यांना आठ हजार मिळायचे, ते बंद करण्याच्या प्रयत्नाविरुद्ध २०१५ मध्ये दिल्लीत मोठं आंदोलन झालं. आपणही इथून पाठिंबा दिला. पण नांदेडचं विद्यापीठ राज्याचं, त्यामुळे ते आठ हजार आपल्या मुलांना कधी मिळतच नव्हते, हे किती जणांना माहीत होतं? रोहित वेमुला हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात होता. १७ जानेवारी २०१६ च्या त्याच्या शेवटच्या पत्रातही सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा उल्लेख आहे. पावणेदोन लाखांच्या आसपासची ती रक्कम घरच्यांना मिळावी, एवढी त्याची मागणी होती.

राज्यात 'बार्टी' आहे. नामांतराच्या ठरावाच्याच वर्षी, डिसेंबर १९७८ मध्ये, समता विचारपीठ म्हणून सुरू झालेली ही संस्था. तिची फेलोशिप ही नांदेड-लातूरच्या संशोधकांची खरी आशा. २०२१ च्या तुकडीत ८६१ विद्यार्थी होते, संस्था म्हणाली २०० जणांनाच देऊ. आझाद मैदानात पोरं-पोरी उन्हात बसली, त्यात आपल्या भागातली कितीतरी होती. मग चाळणी परीक्षा आली. २४ डिसेंबर २०२३ च्या परीक्षेत २०१९ च्या सेटचीच प्रश्नपत्रिका निघाली, १० जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा झाली तर प्रश्नपत्रिकांच्या पाकिटांना सील नाही म्हणून गोंधळ. त्यानंतर सरकार म्हणालं अर्धीच फेलोशिप देऊ. पुन्हा आंदोलन. पीएच.डी.च्या पाच वर्षांतली दोन वर्षं मैदानात गेली, आणि मग विचारणार की तुमच्या प्रबंधाचा दर्जा असा का?

विषयावरही पहारा आहे. १९५४-५५ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांत फेब्रुवारी २०२२ मध्ये बदल झाला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास या विषयांवर संशोधन करायचं असेल तर ही शिष्यवृत्ती नाही. कारण असं दिलं की त्यासाठी परदेशी जायची गरज नाही. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कला बसून भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता. आजच्या नियमात तो विषय बसला नसता.

म्हणून त्या लातूरच्या प्रस्तावाकडे परत येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे आठ हजार माणसं गेली. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झालं, ५२ गावं पूर्ण हलवली. घरं वाटली ती जमिनीच्या हिशेबाने. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना अडीचशे चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना चारशे, त्यावर साडेसातशे. जमीन कुणाकडे होती आणि भूमिहीन कोण होते, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भूकंपाने सगळ्यांची घरं सारखी पाडली, सरकारने मोजून वेगवेगळी बांधली. देशोदेशीचे शास्त्रज्ञ आले, खडकात खोल बोअर घेतले, अहवाल झाले. अडीचशे फुटांच्या घरात आज तिसरी पिढी कशी झोपते, हे विचारायला त्याच जिल्ह्यातली, त्याच समाजातून आलेली प्राध्यापिका तयार आहे, तर तिचं पद नियमित नाही.

आपल्या मागण्यांच्या यादीत त्यामुळे दोन गोष्टी घालायला हव्यात असं मला वाटतं. तासिका तत्त्वावरच्या पीएच.डी.धारकांना मुख्य संशोधक म्हणून अर्ज करू द्या, आणि बार्टीने विद्यार्थ्यांप्रमाणे अशा प्राध्यापकांसाठीही प्रकल्प अनुदान सुरू करावं. विद्यार्थ्यांच्या वाट्यातून कापून नव्हे, अनुसूचित जाती उपयोजनेतून जास्तीची तरतूद करून. कुणी म्हणेल, आधी कायम भरती मागा, हे मध्येच काय? भरती मागायचीच आहे. पण भरतीची वाट बघत तिची बारा वर्षं गेली, आणि ज्यांनी १९९३ ची ती पहाट पाहिली ती माणसं आता कमी होत चालली आहेत.

तिच्या प्रस्तावाचं पुढे असं झालं की एका निवृत्त सरांनी, आपल्याच मिलिंदच्या पिढीतले, पदरचे वीस हजार दिले. प्रश्नावलीच्या झेरॉक्स काढल्या आहेत. पहिल्या चार गावांत रविवारी आम्ही पाच जण जातोय, एसटीने. औसा तालुक्यातले कुणी कार्यकर्ते बरोबर येणार असतील तर शनिवारपर्यंत कळवा, दुपारचा डबा आपापला आणायचा.

जयभीम.